सा कुठे धरायचा?

नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’च्या कट्ट्यावर मी सकाळी सहाला माउथ ऑर्गन घेऊन बसते. समोर पाणी असतं, पलीकडे पाम बीच रोडची गाड्यांची घरघर. शेजारी फोनवर तानपुरा लावलेला. चालायला येणारी मंडळी पहिले दोन महिने थांबून बघायची. आता त्यांच्या लेखी मी आणि तिथला बाक सारखेच.

गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात एका सकाळी मी नेहमीसारखी सरगम वाजवली. चौथ्या घरापासून सातव्या घरापर्यंत चढायचं आणि उतरायचं, रोजचा पाठ. पण त्या दिवशी ती सरगम माझी वाटेना. सूर तेच, घरं तीच, पण सगळ्यावर एक उदास सावली पडल्यासारखी. वाटलं, खाडीच्या हवेने एखादी रीड गंजली. बाजा झटकला, फडक्याने पुसला, पुन्हा वाजवला. सावली तिथेच.

आमच्याच इमारतीत राहणारे पेटीवाले काका फेरी संपवून शेजारी टेकले होते. पन्नास वर्षं भजनी मंडळांना साथ केलेला माणूस. त्यांनी माझा फोन उचलून पाहिला आणि हसले.

“अगं, बाजाला काही झालेलं नाही. तुझा तानपुरा पांढरी दोनला लागलाय. तू बिलावल वाजवतेस आणि तो तुला काफी ऐकवतोय.”

माझा बाजा पांढरी एकचा, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली पांढरी पट्टी हा त्याचा सा. नातवाने खेळता खेळता फोनवरचा आकडा एकाने पुढे नेला होता. एवढ्याने माझे सात सूर दुसऱ्याच गावाला गेले. जगभरचे माउथ ऑर्गनवाले ज्याला ‘पोझिशन’ म्हणतात, तिचा पहिला धडा मला असा चुकून मिळाला.

*

हा बाजा साध्या डोळ्यांनी बघण्यासारखा आहे. दहा घरं, प्रत्येक घरात दोन रीड, एक फुंकीची आणि एक ओढीची. एकूण वीस. डावीकडून फुंकत गेलं की सा-ग-प, सा-ग-प, सा-ग-प आणि शेवटी सा. ओढत गेलं की रे-प-नि-रे-म-ध-नि-रे-म-ध. एवढाच नकाशा. बोहेमियातल्या योझेफ रिख्टर नावाच्या कारागिराच्या नावाने तो ओळखला जातो. मॅथियस होनर यांनी 1857 मध्ये जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावी कारखाना काढला, आणि 1896 पासून त्यांचा ‘मरीन बँड’ हा बाजा याच नकाशावर जगभर गेला.

नकाशात भोकं आहेत. खालच्या सप्तकात म आणि ध नाहीत, वरच्या सप्तकात नि नाही. कारागिराची ही चूक नव्हे, हिशोब आहे. तो बाजा जर्मन लोकगीतांसाठी बांधलेला. वर चाल वाजवायची आणि खाली जिभेने दोन-तीन घरं एकदम उघडून भरणा द्यायचा. फुंकली तर सा-ग-प ही मुक्कामाची संगत, ओढली तर प-नि-रे ही प्रवासाची. फुंकणं म्हणजे घरी असणं, ओढणं म्हणजे बाहेर पडणं. जर्मन माणसाचं त्यात उत्तम चाललं होतं.

मग हा स्वस्त, खिशात मावणारा बाजा अमेरिकेत गेला आणि तिथल्या कृष्णवर्णीय वादकांच्या हाती पडला. त्यांच्या गाण्याला घासलेले, ओढलेले, दोन सुरांच्या मध्ये रेंगाळणारे स्वर हवे होते. बाजाच्या खालच्या अर्ध्यात तसे स्वर ओढीत सापडतात, फुंकीत नाहीत. म्हणून त्यांनी बाजाच उलटा मानला. ओढीची संगत मुक्कामाची केली आणि कारखान्याने ज्याला पंचम म्हटलं त्याला षड्ज केलं. ही दुसरी पोझिशन, त्यांच्या बोलीत ‘क्रॉस हार्प’. 1920च्या दशकातल्या ध्वनिमुद्रिकांत ती स्पष्ट ऐकू येते. पुढे शिकागोच्या लिटल वॉल्टर यांनी मायक्रोफोन मुठीत धरून तिला विजेचा आवाज दिला. 1952 मधली त्यांची ‘ज्यूक’ ही गाण्याविना नुसत्या बाजाची ध्वनिमुद्रिका तिकडच्या कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे त्यांनी मूर्च्छना केली.”

*

मूर्च्छना हा शब्द भरताच्या नाट्यशास्त्राइतका जुना. ग्रामातले सात स्वर तेच ठेवायचे आणि आरंभाचा स्वर बदलत जायचा. षड्जग्रामाच्या सात, मध्यमग्रामाच्या सात, अशा चौदा मूर्च्छना तिथे सांगितल्या आहेत. पेटी वाजवणाऱ्याला शास्त्र माहीत नसलं तरी ही गोष्ट हाताला माहीत असते. नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर बोट चालवा, पण सा दर वेळी वेगळ्या पट्टीवर धरा, की थाट बदलत जातात.

माउथ ऑर्गनवाल्यांनी पोझिशनना जे आकडे दिलेत ते वरवर विचित्र दिसतात. दुसरी पोझिशन पांढरी पाचवर, तिसरी पांढरी दोनवर, चौथी पांढरी सहावर. मला हे पाठ होईना. काकांनी बोटाने हवेत पेटी वाजवली आणि म्हणाले, “यात पाठ काय करायचंय? षड्ज-पंचम भाव आहे. आधीच्या पोझिशनचा पंचम हा पुढच्या पोझिशनचा षड्ज. एकचा पंचम पाच, पाचचा दोन, दोनचा सहा, सहाचा तीन.” बारा पायऱ्या अशा चढल्या की माणूस पुन्हा पहिल्या घरी येतो. बारावी पायरी पांढरी चार. तिचा पंचम म्हणजे आपली पांढरी एक.

त्या दिवसापासून आम्ही दोघांनी एक उद्योग आरंभला. बाजा पांढरी एकचाच ठेवायचा आणि तानपुरा दर आठवड्याला नव्या पट्टीत लावायचा.

पहिली पोझिशन, चौथ्या घराची फुंक हा सा. बिलावल. शाळेतल्या प्रार्थनेसारखा सरळ.

दुसरी, पांढरी पाच. खमाज. इथे एक गंमत आहे. हा सा दुसऱ्या घरात ओढून मिळतो आणि तिसऱ्या घरात फुंकूनही मिळतो. अख्ख्या बाजात शेजारशेजारच्या दोन घरांत तोच स्वर दोन उलट श्वासांनी येण्याची ही एकच जागा. छाती भरली असेल तर फुंकून सा, रिकामी असेल तर ओढून सा. पण या सा-चा रिषभ खालच्या सप्तकात मुळी नाहीच. तो घडवावा लागतो. त्याबद्दल पुढे.

तिसरी, पांढरी दोन. काफी. चौथ्या घराची ओढ हा सा, आणि तिथून आठव्या घराच्या ओढीपर्यंत सप्तकात एकही भोक नाही. माझ्या नातवाने चुकून उघडलेलं दार हेच. भीमपलासीची चढण इथे आयती मिळते. चौथ्याची फुंक हा मंद्र कोमल नि, चौथ्याची ओढ सा, पाचव्याची ओढ कोमल ग, सहाव्याची फुंक म, ओढ प, सातव्याची फुंक कोमल नि, आठव्याची ओढ तार सा. वाजवताना वाटतं, रिख्टर महाशयांना दुपारची आपली वेळ ठाऊक होती.

चौथी, पांढरी सहा. आसावरी. सहाव्याच्या ओढीपासून दहाव्याच्या ओढीपर्यंत, अगदी बाजाच्या कडेला. आवाज बारीक, किंचित कर्कश.

पाचवी, पांढरी तीन. भैरवी. पाचव्याची फुंक हा सा आणि त्याच घराची ओढ हा कोमल रे. सा आणि रे एकाच घरात. हलायचंही नाही, फक्त श्वास उलटा करायचा. मैफल संपवायला इतकी सोपी भैरवी दुसऱ्या कुठल्या वाद्यात असेल?

आणि बारावी, पांढरी चार. कल्याण. पाचव्या घराची ओढ हा सा. यमन सुरू करायचा तो नि-पासून, म्हणजे पाचव्याच्या फुंकीपासून. मग सहाव्याची फुंक रे, ओढ ग, सातव्याची ओढ तीव्र म. इथे सगळे अडखळतात, मीही. सहाव्या घरापर्यंत फुंक खालची आणि ओढ वरची असते. सातव्यापासून उलटं होतं, ओढ खालची आणि फुंक वरची. पायऱ्या चढताना मध्येच एक पायरी उतरती यावी तसं. माझे दोन महिने त्या एका पायरीवर गेले.

संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी सांगितलेल्या दहा थाटांपैकी सहा असे एका दहा घरांच्या पेटीतून, कसलीही कसरत न करता निघतात. भैरव, पूर्वी, मारवा, तोडी हे चार निघत नाहीत. शुद्ध सुरांच्या सप्तकात सा कितीही सरकवला तरी त्यांची ठेवण त्यात येत नाही. आमचा हिशोब पुरा झाला तेव्हा मी आनंदाने म्हटलं, “काका, सहा राग आले!”

“थाट आले,” काका म्हणाले. “राग यायला अजून अवकाश आहे.”

*

आता घडवायच्या स्वरांबद्दल. पेटीवर आपल्याकडे जुना आरोप आहे की तिच्यात मींड नाही. पट्टी दाबली की सूर, सोडली की शांतता, मधला रस्ता नाही. ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये पेटीला दार बंद केलं, त्यामागे हे एक कारण होतं. दुसरं म्हणजे तिचे समान अंतरावर कापलेले स्वर. ते दार 1971 नंतर हळूहळू उघडलं. गोविंदराव टेंब्यांपासून पी. मधुकर आणि तुळशीदास बोरकरांपर्यंत मराठी पेटीवाल्यांनी या आरोपाला बोटांनी उत्तर दिलं. मींड नसलेल्या वाद्यात त्यांनी मींडेचा भास निर्माण केला.

माउथ ऑर्गन हा पेटीचाच धाकटा भाऊबंद. दोघांच्याही पोटात एका टोकाला बसवलेली पितळेची मोकळी जीभ. पण धाकट्याचा भाता म्हणजे माणसाचं तोंड, आणि तोंडाचा आकार बदलता येतो. तिसऱ्या घरात फुंक प आणि ओढ नि. नि ओढता ओढता जीभ मागे घेतली, ‘ई’ म्हणणारं तोंड ‘ऊ’ म्हणायला लागलं, की सूर खाली घसरतो. आधी कोमल नि, मग शुद्ध ध, मग कोमल ध. त्याच्या खाली जात नाही, कारण तिथे त्या घराची दुसरी रीड बसलेली आहे. ओढीची रीड गप्प होत जाते आणि फुंकीची रीड उलट्या वाऱ्यावर बोलू लागते. दोन रीडमध्ये जेवढं अंतर, तेवढाच घसरायला वाव. म्हणून पाचव्या घरात, जिथे ग आणि म शेजारी आहेत, तिथे जवळपास काहीच मिळत नाही.

कारखान्याने न दिलेले म आणि ध असे मिळवायचे. दुसरं घर ओढून दाबलं की म, तिसरं दाबलं की ध. दुसऱ्या पोझिशनचा हरवलेला रिषभ तो हाच ध. मात्र तो अधांतरी असतो. खाली पट्टी नाही, पडदा नाही. सतारीच्या तारेसारखा कानाने तोलून धरायचा. एखादा दिवस तो बरोबर लागतो आणि दिवस चांगला जातो.

कोणी म्हणेल, मग बाराही स्वर मिळवता येतील की. येतात. अमेरिकेतल्या हॉवर्ड लेव्ही यांनी 1970च्या सुमारास दाबून फुंकण्याची, म्हणजे ‘ओव्हरब्लो’ची, अशी युक्ती शोधली की दहा घरांच्या साध्या बाजावर बाराही पट्ट्यांत वाजवता येतं. दुसरा मार्ग बटणाच्या क्रोमॅटिक बाजाचा. बटण दाबलं की सूर अर्ध्याने चढतो. ज्याला घाई आहे त्याने तो घ्यावा. मी साठीला टेकलेली, निवृत्त. मला कसली घाई?

बाराव्या पोझिशनने मात्र मला एकदा रडवलं. एका जुन्या मरीन बँडवर यमन वाजवत होते आणि सा काही केल्या तानपुऱ्याला लागेना, उतरलेलाच. दोष माझ्या श्वासाचा मानून आठवडाभर छाती पिंजली. मग उलगडा झाला. जुने मरीन बँड पेटीसारखे समान अंतराने जुळवलेले नसत. संगत एकत्र वाजवली की ती गोड, निष्कंप यावी अशी जुळवणी असे. त्यासाठी पाचव्या आणि नवव्या घराची ओढ मुद्दाम बरीच उतरवलेली. पहिल्या-दुसऱ्या पोझिशनवाल्याला ती अमृत. पण तोच सूर सा मानला की सगळं घर कलतं. काकांना हे फार आवडलं. ते म्हणाले, “म्हणजे पाहुणा म्हणून गोड, यजमान म्हणून नको.”

*

आमच्या पिढीच्या कानात हा बाजा सिनेमाने घातला. ‘सोलवा साल’ 1958चा, त्यातलं हेमंतकुमारांचं रेल्वेतलं गाणं आणि त्यातला माउथ ऑर्गन. वाजवणारा पोरगा संगीतकाराचाच मुलगा, राहुलदेव बर्मन. ‘दोस्ती’ 1964चा, त्यातला अपंग मुलगा रस्त्यावर बाजा वाजवतो. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, पण पडद्यामागे श्वास पुन्हा राहुलदेवांचाच. आणि 1975चा ‘शोले’. हवेलीच्या दिव्यांकडे बघत जय वाजवतो ती धून भानू गुप्ता यांनी वाजवलेली. ‘शोले’नंतर जत्रेतही हा बाजा मिळू लागल्याचं आठवतं. माझ्या भावाला मिळाला. मला नाही. मुलीने फुंकायचं वाद्य वाजवू नये असं कोणी बोललं नव्हतं, फक्त कोणी आणून दिलं नाही.

नोकरीची तीस वर्षं हार्बर लाइनने गेली. 1992 मध्ये गाडी खाडी ओलांडून वाशीला आली, पाठोपाठ बेलापूरपर्यंत गेली, आणि आम्ही चेंबूरची खोली सोडून नेरूळला आलो. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत मी रोज ‘मुंबईला’ जायचे. बघा, शब्द काय आहे. राहते ते शहर नवी मुंबई, तरी जायचं मुंबईला. माझा सा खाडीपलीकडेच राहिला.

खरं तर हे शहर जन्मलं तेच सा हलवण्याच्या कल्पनेतून. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 1965 मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकात मांडणी केली की मुंबई बेटावर उत्तर-दक्षिण लांबत चालली आहे, तिचं केंद्र पूर्वेला, खाडीपलीकडे न्यावं. मार्च 1970 मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली. 1973 मध्ये खाडीपूल झाला. बेत असा होता की सरकारी कारभाराचं ठाणंच इकडे यावं आणि शहराचा तोल बदलावा. बेलापूरला इमारती उभ्या राहिल्या, मंत्रालय मात्र नरिमन पॉइंटलाच राहिलं. तानपुरा हलला नाही, फक्त वाजवणारे हलले.

ही झाली माझ्यासारख्या आलेल्यांची गोष्ट. सारसोळे, करावे, शिरवणे या गावठाणांतल्या आगरी-कोळी माणसांना विचाराल तर त्यांचा सा कधी हललाच नव्हता. त्यांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर शहर येऊन बसलं. 95 गावांची जमीन गेली. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई-दास्तान परिसरात पाच शेतकरी गोळीबारात हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना निघाली. याच गावांतल्या लग्नांत आजही कुठे धवलारीण बसते आणि धवले गाते. तिला कुणी पट्टी विचारत नाही. ती सुरू करते तोच सा.

*

माझा रियाज आता असा असतो. आधी पाच मिनिटं नुसता एक सूर, दुसऱ्या घराची ओढ. नवशिक्याची सगळ्यात जास्त कुरकुर याच घराची, कारण जोर लावला की ती रीड गुदमरते. मग एकच छोटी चाल, आठ-दहा सुरांची, आणि ती तानपुऱ्याच्या तीन पट्ट्यांत. घरं बदलायची नाहीत, चाल बदलायची नाही, फक्त सा बदलायचा आणि कान काय म्हणतो ते ऐकायचं. त्यानंतर उलट. सा बदलला की चालही उचलून नव्या सा-वर न्यायची, मग घरं बदलतात, श्वास बदलतो, आणि जिथे सूर नाही तिथे तो दाबून घडवावा लागतो. पहिल्या अभ्यासात कान शिकतो, दुसऱ्यात तोंड. शिकवणारे बहुतेक दुसऱ्यापासून सुरुवात करतात. मी म्हणेन, महिनाभर पहिलाच करा. तानपुऱ्याशिवाय पोझिशनला अर्थ नाही. सात सूर कुठल्याच घरचे नसतात, कोणीतरी खाली एक सूर धरून बसतं तेव्हा ते कुणाचे तरी होतात.

एक पोझिशन सांगायची राहिली. सहावी. तिचा सा सातव्या घराची ओढ, पांढरी सात. तिथून सुरुवात केली की रे, ग, ध, नि चारही कोमल येतात, आणि पंचमाच्या जागी त्याच्या अर्धा सूर खाली भलताच स्वर येतो. आपल्याकडे सा आणि प अचल. ज्या सप्तकाला पंचम नाही त्याला भातखंड्यांनी थाटांत जागा दिलेली नाही. काका म्हणाले, “ती सोडून दे. पंचम नसलेल्या घरी कोण राहतं?”

तरी मी रोज शेवटची दोन मिनिटं तिला देते. का ते नक्की सांगता येत नाही. बेलापूरच्या त्या रुंद, रविवारी ओस पडणाऱ्या रस्त्यांवरून चालताना असंच काहीसं वाटतं, म्हणून असेल.

परवा दसऱ्यानंतरच्या एका सकाळी काका फेरी संपवून नेहमीच्या जागी येऊन बसले. मी सहाव्या पोझिशनमध्ये चाचपडत होते. सातव्या घराची ओढ लांबवत नेली, छाती पूर्ण भरेपर्यंत. आता आणखी ओढायला जागाच उरली नाही. मग त्याच घरात श्वास सोडला. ओढीच्या अर्धा सूर वरची फुंक, बाजाचा मूळ सा, पांढरी एक. कसं मोकळं वाटलं.

“आला की नाही सा?” मी म्हटलं.

काकांनी फोनकडे बोट केलं.

“कोमल रे आहे तो,” ते म्हणाले. “तानपुरा अजून पांढरी सातवरच आहे.”